कायोटीला घातलेली हाक

(पडद्यावर: अमेरिकेतलं वायोमिंग राज्य. मे महिना. सेजब्रशची राखाडी-हिरवी झुडपं, मधून चरत जाणारा मेंढ्यांचा कळप.)

मे महिन्यात वायोमिंगच्या माळावर मेंढ्या वितात. याच दिवसांत एखाद्या सकाळी कळपाच्या कडेला मेलेलं कोकरू सापडतं. जाणता मेंढपाळ लगेच बंदूक उचलत नाही, आधी चाकू काढतो. कोकराच्या मानेवरचं कातडं सोलून तो आतली बाजू पाहतो. गळ्यावर, जबड्याच्या जरा खाली, सुळ्यांची भोकं दिसली आणि त्यांच्याभोवती रक्त साकळलेलं असलं, तर कोकरू जिवंत असताना धरलं गेलं होतं. कायोटी या अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या रानजनावराची पद्धत हीच: नरडं धरायचं आणि श्वास कोंडेपर्यंत सोडायचं नाही. मोकाट कुत्री मागचे पाय, शेपूट, कान, मिळेल तिथे फाडतात. रक्त साकळलेलंच नसेल, तर कोकरू थंडीनं किंवा आजारानं आधीच गेलेलं होतं आणि कायोटीनं नुसता त्यावर ताव मारला.

शिकारीचे डावपेच आणि सामान सांगण्याआधी हा चाकू दाखवला, कारण कोणत्या जनावरावर गोळी झाडायची हे ठरल्याशिवाय पुढच्या कशालाच अर्थ नाही.

(पडद्यावर: बर्फातून दुडक्या चालीनं जाणारा कायोटी.)

कायोटी आपल्या कोल्ह्यासारखा दिसतो, अंगानं थोडा मोठा असतो. पश्चिमेकडच्या राज्यांत त्याचं वजन साधारण ९ ते १६ किलो भरतं. थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञानं १८२३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा तो मुख्यतः गवताळ मैदानांत आणि कोरड्या पश्चिमेत राहत होता. पुढे माणसानं लांडगे संपवले, जंगलं तोडली, आणि मोकळ्या झालेल्या मुलखात कायोटी शिरला. आज तो अलास्कापासून पनामापर्यंत आहे. अमेरिकेच्या सरकारनं १९३१ मध्ये खास कायदा करून त्याच्याविरुद्ध मोहीम उघडली. स्ट्रिक्निन, थॅलियम, टेन-एटी अशी विषं माळावर पेरली. त्यात गरुड मेले, कुत्री मेली, बिजू मेले. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर असा विषप्रयोग थांबवला. कायोटी तोवर देशभर पसरत होताच.

आता मूळ विषयाकडे येऊ.

मराठी शिकारकथांमध्ये हाका असतो. माणसं डबे-ढोल बडवत रान उठवतात आणि जनावर माचाणाकडे येतं. कायोटीच्या शिकारीत हाकारे नसतात. शिकारी एका जागी बसतो आणि जनावराला स्वतःकडे बोलावतो. याला तिकडे कॉलिंग म्हणतात. सशाची मरणाची किंकाळी काढायची, ती ऐकून आयतं खाणं मिळेल या आशेनं कायोटी येतो. ऐकायला सोपं वाटतं. अवघड करून ठेवतो तो वारा.

(पडद्यावर: शिकारी चिमूटभर पावडर हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहतो.)

कायोटी आवाजाच्या दिशेनं सरळ चालत येतो असं क्वचितच होतं. तो वळसा घालून आवाजाच्या वाऱ्याखाली, म्हणजे वारा आवाजाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला, जातो आणि वास घेऊन खात्री करतो. माणसाचा वास लागला की संपलं. वास मारणारे फवारे, सुगंधी द्रव्यं दुकानांत ढिगानं मिळतात. माझ्या मते त्यांवर पैसे घालवू नयेत. त्याऐवजी वारा आडवा येईल अशी जागा निवडावी आणि वाऱ्याखालचा पट्टा मोकळा, नजरेच्या टप्प्यात राहील असं बसावं. कायोटी वळसा घालून त्याच पट्ट्यात येणार, आणि आपला वास त्याला लागण्याआधी तो आपल्याला दिसायला हवा. जोडीनं शिकार करणारे दुसऱ्याला शॉटगन देऊन वाऱ्याखालच्या बाजूलाच बसवतात.

जागेवर पोहोचण्यातच निम्मी शिकार हुकते. गाडी टेकाडाआड ठेवायची, दार आपटायचं नाही. डोंगराच्या कडेवरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर चालायचं नाही, उतारानं जायचं. ऊन पाठीशी घ्यायचं, म्हणजे आपण सावलीत आणि जनावराच्या डोळ्यांवर ऊन. झुडपाच्या मागे लपायचं नाही, पुढे बसायचं. पाठीला झुडूप असलं की माणसाची आकृती मोडते आणि समोरचं सगळं दिसतं. हातमोजे आणि तोंडावरची जाळी अंगावरच्या कपड्यांइतकीच महत्त्वाची, कारण हलतात ते हात आणि चेहरा.

पहिला आवाज हळू काढायचा. कायोटी शंभर पावलांवरच झोपलेला असू शकतो, तो दणक्यानं बिथरतो. मग आवाज वाढवत न्यायचा. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. काही आलं नाही तर उठून दीड-दोन किलोमीटर पुढे जायचं आणि पुन्हा बसायचं.

आवाजही ऋतूप्रमाणे बदलतात. थंडीच्या सुरुवातीला, पिल्लं नुकतीच एकेकटी हिंडू लागलेली असतात तेव्हा, सशाची किंकाळी पुरते. जानेवारी ते मार्च हा माजाचा काळ. तेव्हा हद्दीत परका आल्याची आरोळी ऐकवली तर जोडी चवताळून येते. पिल्लं जन्मली की पिल्लाच्या विव्हळण्याला आईबाप हमखास उत्तर देतात.

(पडद्यावर: टेबलावर मांडलेल्या तोंडानं वाजवायच्या शिट्ट्या.)

हे आवाज काढण्याची साधनं दोन जातींची. तोंडानं फुंकायच्या कॉलमध्ये एक पातळ पट्टी थरथरते. ती नळीत बंद असली तर एकच सूर निघतो, नवशिक्यालाही जमतो. उघडी असली तर दात आणि ओठ मागे-पुढे सरकवून ससा, हरणाचं पाडस, कायोटीची आरोळी असं सगळं एकाच शिट्टीतून काढता येतं, पण त्याला रियाज लागतो. कडाक्याच्या थंडीत श्वासाची वाफ पट्टीवर गोठते, म्हणून कॉल कोटाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवतात.

दुसरी जात यंत्राची. टेक्सासमधल्या वेको शहरातल्या जॉनी स्ट्यूअर्ट यांनी खऱ्या प्राण्यांचे आवाज मुद्रित करून तबकड्यांवर आणले. तिथपासून आजच्या रिमोटवर चालणाऱ्या, शेकडो आवाज साठवणाऱ्या स्पीकरपर्यंत हा प्रवास आला. यंत्राचा मोठा फायदा असा की आवाज शिकाऱ्यापासून तीस-चाळीस मीटर दूर ठेवता येतो, त्यामुळे कायोटीची नजर तिकडे खिळते. शेजारी काडीवर फडफडणारा पिसांचा झुबका लावला की आणखीच. तरीही मला तोंडाचा कॉलच श्रेष्ठ वाटतो. समोरचं जनावर थबकलं, बिचकलं, की फुंकणारा माणूस त्याच क्षणी सूर बदलू शकतो. शिवाय एकदा यंत्राला फसून वाचलेला कायोटी तोच आवाज पुन्हा ऐकला की पाठ फिरवतो.

रायफलबद्दल थोडक्यात. .२२३ रेमिंग्टन आणि .२२-२५० ही दोन कॅलिबर, म्हणजे काडतुसांची मापं, सर्वांत जास्त दिसतात. दुसऱ्याची साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ११०० मीटरच्या आसपास वेगानं सुटते, आणि हलकी असल्यानं जमिनीवर आपटली की बहुधा फुटते, उसळून दूर जाण्याचा धोका कमी होतो. कमी होतो, संपत नाही. म्हणून मागे मातीचा उतार नसेल तर गोळी झाडायची नाही. नळी टेकवायला तिपाई हवी, कारण बसून हातावर रायफल धरली तर वीस मिनिटांत हात थरथरतात. धावत्या कायोटीवर गोळी झाडण्याऐवजी अनुभवी शिकारी तोंडानं एकदा भुंकतो. कायोटी क्षणभर थांबून वळून पाहतो, तोच क्षण. गोळी लागल्यावरही उठायचं नाही. पिल्लाच्या विव्हळण्याचा आवाज लावायचा, जोडीदार पुष्कळदा मागून येतो.

हे सांगताना मन घट्ट करावं लागतं. पण मेंढपाळाच्या दृष्टीनं जोडीच महत्त्वाची, त्याचं कारण पुढे येतं.

(पडद्यावर: थर्मल दुर्बिणीतून दिसणारा पांढरा ठिपका.)

रात्रीच्या शिकारीसाठी थर्मल दुर्बिणी आल्या आहेत. त्या अंगाची उष्णता दाखवतात, पण रंग दाखवत नाहीत. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडच्या पाच काउंट्यांमध्ये लाल लांडगे उरले आहेत, जगात रानात फक्त तिथेच. ते कायोटीपेक्षा थोडेच मोठे. कायोटी समजून ते मारले जात होते. अखेर २०१४ मध्ये न्यायालयानं त्या भागातली कायोटीची शिकार थांबवली. अंधारात दिसलेल्या ठिपक्यावर खात्रीशिवाय गोळी झाडणारा माणूस शिकारी नाही.

आता जोडीचं कारण. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्ये गणित मांडलं: दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले तरी ते नाहीसे व्हायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील. संख्या घटली की उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, लहान माद्याही वितात, जास्त पिल्लं जगतात. सरकारी खातं आजही वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं, काही विमानांतून. यूटा राज्य २०१२ पासून एका कायोटीमागे ५० डॉलर देतं, पुरावा म्हणून कानांसह डोक्याचं कातडं आणि खालचा जबडा जमा करावा लागतो. जास्तीत जास्त कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धाही भरतात. कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये त्या बंद केल्या, आणि ते योग्यच झालं. अशा स्पर्धांत मरणाऱ्या कायोटींपैकी किती जणांनी कधी मेंढी धरली होती, हे कोणी विचारत नाही.

मेंढ्यांवर हल्ला करतात ती मुख्यतः पिल्लं असलेली जोडपी. यूटातल्या संशोधकांनी काही जोड्यांची नसबंदी करून पाहिली. हद्द त्यांनी सोडली नाही, पण पिल्लांची तोंडं भरायची नसल्यानं कोकरं मारणं बरंच घटलं. म्हणून ज्याला खरोखर कळप वाचवायचा आहे तो उन्हाळ्याच्या तोंडावर त्या एका हद्दीतली जोडी शोधतो. यासाठी काही शिकारी शिकवलेला कुत्रा नेतात. बिळाजवळ परका कुत्रा पाहून जोडी त्याच्या अंगावर धावते, कुत्रा मालकाकडे पळत येतो आणि दोघांना मागे घेऊन येतो. ही अचूक शिकार आहे. थंडीभर सरसकट मारलेल्या पन्नास कायोटींपेक्षा ती कोकरांसाठी जास्त करते, असं माझं ठाम मत आहे.

आणि गोळीच्या आधी राखणीचा कुत्रा. ग्रेट पिरनीज, अकबाश अशा जातींचं पिल्लू सात-आठ आठवड्यांचं असतानाच मेंढ्यांत सोडतात. ते कळपालाच आपलं घर मानतं. आपल्या धनगरांच्या वाड्याबरोबर कुत्री असतात तीही याच कामाला. फरक इतकाच की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे लांडग्या-कोल्ह्यावर गोळी झाडता येत नाही, त्यामुळे धनगराची भिस्त कुत्र्यावर आणि वाघरीवरच, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायच्या जाळीवरच असते.

वायोमिंगच्या माळावर कॉल लावायला जाणाऱ्यानं मेंढ्यांच्या मालकाला आधी विचारून घ्यावं, कळपात राखणीची कुत्री किती आहेत आणि कोणत्या रंगाची. पिल्लाचं विव्हळणं ऐकून तीही धावत येतात.