खुर्चीवरचा दुपट्टा

मंडळी, मागचे जरा समोर सरका, जागा आहे. बघा, इथं सांगूनही पहिली लाईन रिकामी, अन् मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या रात्री झाडीपट्टीच्या, आपल्या पूर्व विदर्भाच्या नाटकाला याच लाईनीसाठी पोट्टे पाचपासून येऊन ठेपतात. नाटक दहाचं, पडदा उघडता उघडता साडेअकरा, तरी एका दुपट्ट्यात चार खुर्च्या पाठीला गाठ मारून बांधलेल्या असतात.

आजचा विषय फॅन कन्व्हेन्शन, म्हणजे कॉमिक्स अन् सिनेमाच्या चाहत्यांची जत्राच समजा. अमेरिकेत सॅन डिएगोला 1970 पासून भरते, आपल्याकडे दिल्लीत 2011 ला कॉमिक कॉन सुरू झालं. सॅन डिएगोच्या हॉल एच नावाच्या मोठ्या सभागृहामधे साडेसहा हजाराच्या आसपास लोक मावतात, खुर्चीला नंबर नाही, आधी येईल तो बसेल, म्हणून लोक रात्रभर बाहेर रांगेत झोपतात. त्यात एक कार्यक्रम संपला की हॉल रिकामा करत नाहीत, मग ज्याला चारचा कार्यक्रम पाहायचाय तो सकाळपासूनच जागा अडवून बसतो अन् सकाळचा ज्याला खरंच पाहायचाय तो बिचारा बाहेर. पुढे त्यांनी आदल्या दिवशी मनगटाला पट्टे बांधणं सुरू केलं, पण पट्ट्यानं आत जाता येते, खुर्ची कोणती ते आत गेल्यावरच. स्टार ट्रेक या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या काही कन्व्हेन्शनात उलटं, जास्त पैसे भरा, नंबरची खुर्ची घ्या, सगळे दिवस तीच.

आता कोणी म्हणते नंबर म्हणजे पैसेवाल्याचं राज्य, मोकळी जागाच बरी, गरीब माणूस निदान लवकर तर येऊ शकते. मले नाही पटत बाप्पा. आमची काकू दिवसभर धानाच्या मळणीवर, घरी येऊन स्वयंपाक, म्हातारीला जेवू घालणं, नऊला निघते अन् खांबामागं बसते. तिकीट तेवढंच. पाचला येऊन दुपट्टा बांधणाऱ्याच्या घरचं काम कोणी करून राहिलं असते, ते पण विचारा की.

म्हणून आम्ही गावात एक वर्ष नंबर टाकून पाहिले, भाव सगळ्यांना एकच. खडूनं टाकले, अन् इथंच फसलो, रात्री दव पडलं, अर्धे नंबर पुसले, 43 वर दोघं बसायला तयार अन् 44 कुठं गेला कोणाला पत्ता नाही, नाटकाचा अंक थांबवून भांडण. दुसऱ्या वर्षी पेंट लावू म्हटलं तर मंडपवाला अंगावर आला. शेवटी पुठ्ठ्याचे तुकडे सुतळीनं बांधले अन् नंबर लहान पोरीच्या हातून डब्यातून चिठ्ठी काढून दिले. सरपंचाले 112 आला, शेवटून तिसरी लाईन, थोडे फुगले पण बसले.

काकूले 7 नंबर आला. पहिल्या अंकातच झोपली. मागून एक पोट्टा म्हणे, काकू झोपलीच आहे तर मी बसू का तिथं, आम्ही म्हटलं नाही गा, खुर्ची तिची आहे, झोपू दे.