कृष्णेचा उजवा काठ

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'कृष्णेच्या उपनद्या आणि सांगलीचा पूर'. पुराकडे येतोच, पण आधी उपनद्या. पुरावर बोलायला सगळे तयार असतात, उपनद्यांची नावं विचारली की सभागृह गप्प होतं. करून बघू या का? कृष्णेला डावीकडून मिळणाऱ्या दोन नद्या सांगा. येरळा, बरोबर. दुसरी? अग्रणी! शाब्बास, मागच्या रांगेतल्या ताई कवठेमहांकाळच्या दिसतात. आता उजवीकडच्या सांगा. वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा. बघा, एका दमात सात आल्या. डावीकडच्या दोन आठवायला वेळ लागला आणि उजवीकडच्या सात पाठ आहेत, याला कारण आहे, आणि ते कारण पावसात आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरला, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून खाली वाईत उतरलात की त्याच्या पाव हिस्साही नाही. आणखी पूर्वेला खटाव-माणमध्ये जेमतेम पाचशे. उजव्या काठाच्या नद्या त्या माथ्यावरून निघतात, डाव्या काठाच्या निघतात दुष्काळी टापूतून. त्यामुळे कृष्णा भरते ती उजवीकडूनच. हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि आज पुन्हा सांगणार आहे.

आता माझी तक्रार. २०१९च्या पुरानंतर एका कार्यालयात बैठकीला बोलावलं होतं. भिंतीवर खोऱ्याचा भलामोठा नकाशा. मधोमध कृष्णा जाड निळ्या रेषेत, आणि बाकी सगळ्या नद्या एकाच बारीक रेषेत. वारणा जेवढी जाड, तेवढीच येरळा! मी विचारलं, हे असं का? तर म्हणाले, "नकाशा फक्त दिशा दाखवण्यापुरता आहे." अहो, त्याच नकाशावर बोट ठेवून तुम्ही कुठल्या गावाला आधी हलवायचं ते ठरवताय! वारणेवर चांदोलीला ३४ टीएमसीचं, म्हणजे ३४ अब्ज घनफूट पाण्याचं धरण आहे. येरळेच्या पात्रात मे महिन्यात पोरं क्रिकेट खेळतात. या दोघी एकाच जाडीच्या कशा? बैठक दोन तास चालली, वारणेचं नाव दोनदा निघालं, येरळेचंही दोनदा. मला आजही त्याचा राग येतो.

आणि कोयना! कोयनेबद्दल बोलायचं म्हणजे मला तासभर हवा, पण थोडक्यात सांगतो. महाबळेश्वरहून पाच नद्या निघतात असं आपण म्हणतो. त्यातली सावित्री पश्चिमेला कोसळते आणि शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटला समुद्र गाठते. कृष्णा त्याच पठारावरून निघते, अरबी समुद्र तिथून पासष्टेक किलोमीटरवर, आणि ही पूर्वेला चौदाशे किलोमीटर जाते. कोयना मात्र दोन्ही वाटा सोडते. सह्याद्रीची मुख्य रांग आणि तिला समांतर दुसरी डोंगररांग, या दोहोंच्या मधल्या खोऱ्यातून ती साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते. दोन्ही बाजूंचा पाऊस पोटात घेत जाते. मग हेळवाकला एकदम काटकोनात पूर्वेला वळते. कुंभार्ली घाट चढून आलात की ते वळण तुमच्या पुढ्यातच असतं. पुढच्या वेळी गाडी थांबवून जरूर बघा. त्या वळणाच्या वरच्या अंगाला १०५ टीएमसीचं कोयना धरण. धोम, कण्हेर आणि उरमोडी या तिन्ही धरणांची बेरीज केली तरी कोयनेच्या एक तृतीयांश भरत नाही. त्यातही कृष्णा पाणीवाटप लवादानं मान्य केलेलं ६७.५ टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला, वाशिष्ठीत जातं. म्हणजे चिपळूणची वाशिष्ठी उन्हाळ्यात वाहते ती कोयनेच्या जिवावर.

तरीही कऱ्हाडला पावसाळ्यात कोयनेचा जोर बघा. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना चक्क समोरासमोर येतात आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात. जुलैत घाटावर उभं राहिलं की दोन पाण्यांच्या मध्ये फेसाची, काटक्यांची एक रेघ दिसते. कोयनेचा विसर्ग वाढला की ती रेघ कृष्णेच्या अंगाला सरकते. वरून आलेला ओंडका तिथे येऊन जागच्या जागी फिरत राहतो, पुढे जात नाही. एका नदीनं दुसरीला अडवणं म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कुठं दिसत नाही. हे चित्र लक्षात ठेवा, कारण...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. बरं, मग पूर घाईनं घेतो.

सांगलीत लोक फक्त कोयनेच्या विसर्गाकडे बघतात. पण वारणा कृष्णेला मिळते हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या खाली. पंचगंगा मिळते त्याहून खाली, नरसोबावाडीला. वारणा फुगली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही, आणि प्रीतिसंगमावर ओंडक्याचं जे होतं ते इथे अख्ख्या नदीचं होतं. त्यात कऱ्हाडच्या खाली उतारच फार कमी. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि ती जिथे जाते तो बंगालचा उपसागर अजून हजारावर किलोमीटर लांब. म्हणून पाणी सांगलीत वरून येतं तसं खालूनही चढतं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कोयना, वारणा, पंचगंगा तिघी एकाच वेळी भरून आल्या. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. तिकडे कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३, तिथे ५५ ओलांडले. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तर पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणाच्या आदेशाची वाट बघत नाहीत. नरसोबावाडीला देवळात पाणी शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडलं की भाविक सोहळ्याच्या स्नानाला जातात. मी त्या दिवशी सांगलीतल्या नातेवाइकांना फोन करतो.

दुसरी चिठ्ठी आलमट्टीची, ती येणारच होती: कर्नाटकातल्या या धरणाच्या फुगीमुळेच सांगली बुडते ना, असं विचारलंय. आलमट्टी सांगलीपासून दोनशेहून अधिक किलोमीटर खाली आहे. २०१९नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचा थेट दोष तिच्यावर ठेवला नाही. पटत नसेल तर त्यावर वेगळी सभा घ्या, मी येईन. आज एवढंच मागणं आहे: पुराचा इशारा देताना एकट्या कृष्णेचा आकडा देऊ नका. वारणा हरिपूरला किती वाजता पोचणार, पंचगंगा नरसोबावाडीला किती वाजता, हे नदीचं नाव घेऊन सांगा. आणि तुम्ही घरी आयर्विनचा आकडा लिहिता, त्याच्या शेजारी राजाराम बंधाऱ्याचाही लिहीत जा. अग्रणीवाल्या ताई, तुमचा प्रश्न राहिला, तो चहाच्या वेळी घेऊ.