सून तीच, बाई दुसरी

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी दुपारी दीड ते अडीच हा वेळ सासूबाईंच्या मालकीचा असतो. जेवणे झालेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला असतो आणि आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई भाजलेल्या बडीशेपेची वाटी मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलेल्या असतात. दोनेक वर्षांपूर्वीच्या एका दुपारी, ज्या मालिकेतली सून त्यांनी जवळजवळ दीड वर्ष रोज पाहिली होती, तीच सून चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, आणि तिचा चेहरा मात्र वेगळाच होता. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली आणि मला हाक मारली, "अगं, ही कोण शिरली त्यांच्या घरात?" मी सांगितले, "आई, सून तीच आहे. तिचं काम करणारी बाई बदलली." त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बदलली म्हणजे? आणि नवऱ्याला कळत नाही?"

त्या वेळी मी हसले. पण विचार करू लागले तेव्हा जाणवले की मालिकेतल्या रुळलेल्या भूमिकेत नवा कलाकार आणण्याचे जे काही शास्त्र आहे, ते सगळे या एका प्रश्नाभोवती फिरते. आज त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

भूमिकेतला कलाकार बदलणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. या प्रकाराला मालिकेच्या सेटवर जो 'रिप्लेसमेंट' हा शब्द वापरतात, तो मराठी नाटकवाल्यांच्या तोंडी फार पूर्वीपासून आहे. २३ डिसेंबर १९७० रोजी 'नटसम्राट' रंगभूमीवर आले तेव्हा गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागू होते. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी तेच गणपतराव उभे केले, आणि लोक घरी परतताना वाद घालत ते कोणाचा बेलवलकर कसा यावर. आमच्या ठाण्यातले एक नाट्यगृह ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या डॉ. काशिनाथ घाणेकरांचा 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या पाहिलेली माणसे अजूनही त्याबद्दल भरभरून बोलतात. तरीही २०१९ मध्ये सुबोध भावे लाल्या म्हणून उभे राहिले तेव्हा ते पाहायला आलेल्यांत हीच मंडळी होती. तिथे चेहरा बदलला म्हणून कोणाला फसवणूक झाल्यासारखे वाटले नाही, कारण वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नटाचे नाव वाचून, तिकीट काढून, आपल्या पायांनी आपण तिथे गेलेलो असतो.

मालिकेचे तसे नसते. ती रोज आपल्या घरी येते, आपण भाजी निवडत असतो किंवा कपड्यांच्या घड्या घालत असतो तेव्हा येते, आणि तिच्यातली माणसे आपण नट म्हणून पाहतच नाही. सासूबाईंना त्या सुनेच्या नटीचे नाव कधीच माहीत नव्हते, आणि त्यांचे त्यावाचून अडलेही नव्हते.

दुपारच्या मालिकांचे मूळ घर अमेरिका. साबणाच्या कंपन्यांनी गृहिणींसाठी दुपारी प्रायोजित केलेल्या श्राव्य मालिका म्हणून तिकडे 'सोप' हे नाव पडले. त्यांतली 'गायडिंग लाइट' ही मालिका १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९ पर्यंत चालली. बहात्तर वर्षे चालणाऱ्या कथेत माणसे बदलणारच. तिकडे यासाठी एक साधी, मला तरी सभ्य वाटणारी रीत पडली होती: प्रसंग सुरू होत असताना निवेदकाचा आवाज येई की अमुक भूमिका आता तमुक कलाकार करीत आहेत, एवढे एक वाक्य झाले की कथा पुढे चालू. 'जनरल हॉस्पिटल'मधली कार्ली १९९६ पासून चार अभिनेत्रींनी साकारली आणि त्यांतली चौथी, लॉरा राइट, २००५ मध्ये आली ती इतकी रुजली की आधीच्या तिघी नव्या प्रेक्षकांना आठवतही नसतील. उपग्रह वाहिन्या आपल्याकडे नव्याने आल्या तेव्हा ठाण्या-मुंबईतल्या ज्या घरांनी केबल घेतली होती, त्यांना 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल'मधला रुंद जबड्याचा रिज आठवत असेल. तो रिज, म्हणजे रॉन मॉस, पंचवीस वर्षे ती भूमिका करून २०१२ मध्ये बाहेर पडला. निर्मात्यांनी घाई केली नाही. वर्षभराहून अधिक काळ ती जागा रिकामी ठेवली आणि मग २०१३ च्या डिसेंबरात थॉर्स्टन के याला आणले, जो दिसायला रॉन मॉससारखा मुळीच नव्हता. मला वाटते, हा शहाणपणाचा निर्णय होता. साधारण सारखा दिसणारा माणूस आणला की पाहणारा सतत फरक मोजत बसतो.

आपल्याकडे १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'शांती' दुपारी लागू लागली, तेव्हापासून रोजच्या मालिकेची सवय जडली. पण चेहरा बदलण्याचा पहिला मोठा धक्का बहुतेकांना बसला तो 'क्यूंकि सास भी कभी बहू थी'मुळे. अमर उपाध्याय यांच्या मिहिरचा २००१ मध्ये मृत्यू दाखवला गेला तेव्हा प्रेक्षकांनी इतका आकांत केला की मेलेल्या मिहिरला परत आणावे लागले. नंतर उपाध्याय मालिकेतून बाहेर पडले, मध्ये थोडा काळ इंदर कुमार आले आणि मग रोनित रॉय यांनी २००८ मध्ये मालिका संपेपर्यंत मिहिरचा संसार केला. तुळशीची भूमिकाही मधल्या काळात स्मृती इराणींकडून गौतमी कपूर, म्हणजे आपल्या गौतमी गाडगीळ, यांच्याकडे गेली होती. गंमत अशी की २०२५ च्या जुलैमध्ये ती मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा मिहिर म्हणून पुन्हा अमर उपाध्यायच आले. म्हणजे सर्वांत जास्त वर्षे ज्याने तो संसार ओढला त्याच्या वाट्याला आठवणी आल्या, आणि घर पहिल्याचेच राहिले.

मराठीत मला सर्वांत बोलका वाटतो तो 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या शनायाचा दाखला. रसिका सुनीलने ती आळशी, लाडावलेली, खरेदीवेडी मुलगी अशी काही रंगवली होती की खलनायिका असूनही लोक तिची वाट पाहत. २०१८ मध्ये ती शिकायला परदेशी गेली आणि तिच्या जागी ईशा केसकर आली, जिला तोवर महाराष्ट्र 'जय मल्हार'मधली बानू म्हणून ओळखत होता. सुरुवातीला नाराजी झाली, पण ईशाने रसिकाची नक्कल केली नाही, आणि राधिका झालेल्या अनिता दाते व गुरुनाथ झालेले अभिजीत खांडकेकर यांनी जुन्याच तडफेने तिच्याशी भांडण आणि प्रेम चालू ठेवले. हळूहळू शनाया पुन्हा शनाया झाली. २०२० मध्ये रसिका परत आली तेव्हा मात्र अनेकांची गत विचित्र झाली; मूळ चेहरा परत आल्याचा आनंद करावा, की रुळलेला चेहरा गेल्याची हळहळ करावी, हे कळेना. 'आई कुठे काय करते'मधली संजना पहिल्या वर्षातच दीपाली पानसरेकडून रूपाली भोसलेकडे गेली, म्हणून तो बदल फारसा बोचला नाही. 'प्रेमाची गोष्ट'मध्ये २०२५ च्या जानेवारीत तेजश्री प्रधानच्या जागी स्वरदा ठिगळे मुक्ता म्हणून आली तो बदल याहून अवघड होता, कारण तिथे नायिकाच बदलली. खलनायिकेकडे आपण लांबून पाहतो, नायिकेच्या मात्र खांद्यावरून डोकावून आपण सगळी कथा पाहत असतो.

आता नवऱ्याला कळत नाही का, याकडे येते.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ घोडबंदर रस्त्याकडच्या एका सेटवर ड्रेसदादा म्हणून, म्हणजे कलाकारांचे कपडे सांभाळण्याचे, काम करतात. कलाकार बदलतो त्या दिवशी काय काय होते, हे त्यांनी एकदा आमच्याकडे पोहे खाता खाता सांगितले. जुन्या नटीच्या साड्या तशाच ठेवायच्या, कारण साडी ओळखीची असेल तर डोळा लवकर फसतो. पण ब्लाउजच्या शिवणी रात्रीतून उसवून पुन्हा घालायच्या. मंगळसूत्र तेच, बांगड्या मात्र हातात जात नाहीत म्हणून त्याच रंगाच्या दुसऱ्या आणायच्या. पहिल्या दृश्याआधी नव्या नटीला नवऱ्याशेजारी मुंडावळ्या बांधून उभी करायची आणि दिवाणखान्यातल्या भिंतीवरचा लग्नाचा फोटो नव्याने काढायचा, कारण कॅमेरा कधी तिकडे वळेल सांगता येत नाही. "ताई," ते म्हणाले, "त्या दिवशी जुन्या फोटोची चौकट रिकामी करताना आमच्यातल्या एका पोराला रडू आलं होतं." दीड वर्ष रोज बारा-बारा तास बरोबर काढलेली मुलगी गेलेली असते, आणि सकाळी नऊ वाजता नवी आलेली असते, जिला सगळ्यांची नावेही माहीत नसतात.

पण त्यांनी सांगितलेली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच होती. नवी मुलगी चांगली की वाईट हे पहिल्या दिवशी तिच्यावर ठरत नाही, असे ते म्हणाले. ते घरातल्या बाकीच्यांवर ठरते. सासऱ्याचे काम करणाऱ्या ज्येष्ठ नटाने चहाचा कप घेताना तिच्याकडे न पाहता, रोजच्या सवयीने, "साखर कमी घातलीस ना?" असे विचारले की ती त्या घरची होते. तोच नट क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, की घरोघरचे प्रेक्षकही पाहत राहतात. म्हणजे नवऱ्याला कळत नाही, हेच त्या नवऱ्याचे काम असते, आणि ते दिसते तितके सोपे नाही. मानधन वाढले तर अशा दिवशी त्याचेच वाढावे, असे माझे मत आहे.

या साधेपणावर विश्वास नसला की लेखक अपघात घडवतात, चेहऱ्याला पट्ट्या बांधतात आणि प्लास्टिक सर्जरीनंतर नवा कलाकार उलगडून दाखवतात. मला हा प्रकार कधीच पटला नाही. चेहरा बदलेल, पण उंची, आवाज आणि चालण्याची ढब कोणत्या शस्त्रक्रियेने बदलते? शिवाय पट्ट्या सुटण्याच्या त्या प्रसंगात सगळे घर नव्या चेहऱ्याकडे टक लावून बघते, आणि जे लपवायचे तेच दाखवले जाते. याच्या अगदी उलट एक किस्सा अमेरिकेतला आहे: 'द यंग अँड द रेस्टलेस'मधल्या जीन कूपर यांनी १९८४ मध्ये खरोखरच चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतली आणि तिचे चित्रण मालिकेत त्यांच्या पात्राची, कॅथरीनची, शस्त्रक्रिया म्हणून दाखवले गेले. तिथे बाई तीच होती आणि चेहरा खरोखर बदलला होता. लहान मुलांच्या बाबतीत काळाची उडी क्षम्य आहे. 'बालिका वधू'मधली आनंदी अविका गोरची मोठी होऊन प्रत्युषा बॅनर्जी झाली यात कोणालाही खटकण्यासारखे काही नव्हते.

कलाकाराचे निधन झाले की प्रश्न नाजूक होतो. 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मध्ये डॉ. हाथी साकारणारे कवी कुमार आझाद २०१८ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या जागी आले निर्मल सोनी, जे त्यांच्या आधी पहिले डॉ. हाथी होते, नट्टू काका झालेल्या घनश्याम नायकांनंतर किरण भट्ट आले. त्याच मालिकेत तारक मेहता बदलले, अंजली बदलली, टप्पू तर दोनदा बदलला, पण दिशा वकानी २०१७ मध्ये मालिकेतून बाहेर पडल्या तेव्हापासून दयाची जागा रिकामी आहे. ती भूमिका केवळ त्या आवाजात आणि त्या गरब्यात वसलेली आहे, आणि घरातल्या कोणीही कितीही सवयीने वागले तरी तो आवाज कोठून आणणार?

आवाजावरून आठवले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका लागे तेव्हा बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्यापैकी कोणाचा चेहरा कसा आहे, हे किती श्रोत्यांना ठाऊक होते? त्यांतली मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही पात्रे मात्र घराघरांत राहत होती. त्या दिवसांत चेहरा बदलला असता तर पत्ताही लागला नसता. आवाज बदलला असता तर पत्रांचा ढीग पडला असता.

माझी तक्रार एवढीच आहे की आपल्या वाहिन्या प्रेक्षकाला सांगत नाहीत. एखादा प्रोमो येतो, समाजमाध्यमांवर कुजबुज होते, पण ज्यांच्याकडे तो फोन नाही अशा दुपारच्या असंख्य आज्यांना ट्रे घेऊन आलेल्या परक्या बाईचाच सामना करावा लागतो. पडद्यावर खाली चार शब्दांची पट्टी, किंवा तो जुन्या पद्धतीचा निवेदकाचा आवाज, यात काय खर्च येतो? गेलेल्या कलाकाराचाही त्यात मान राहतो. नाहीतर महिन्याचे वीस-पंचवीस दिवस जिने त्या घरात काढले, ती एका मंगळवारी होती आणि बुधवारी नव्हती, इतकाच तिचा निरोप.

सासूबाईंचे म्हणाल, तर त्यांनी तीन दिवस ती मालिका बंद ठेवली. चौथ्या दिवशी लावली, कारण त्या घरातल्या धाकट्या दिराचे लग्न ठरले होते आणि ते चुकवणे शक्य नव्हते. पंधरा दिवसांनी मी विचारले, नवी सून कशी वाटते? "नवी कुठली?" त्या म्हणाल्या आणि मग आठवून हसल्या. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या एका वाहिनीवर नवी मालिका सुरू झाली. तिची नायिका म्हणून पडद्यावर आली ती हीच गेलेली अभिनेत्री. सासूबाईंनी बराच वेळ तिच्याकडे निरखून पाहिले, बडीशेपेची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "ही मुलगी बघ गं. आपल्या त्या सुनेसारखी थोडीशी दिसते, नाही?"