६२ हजार प्लेटलेट आणि लेहची वाट

(दृश्य : लेह, पहाट. नडगीवर टॉर्चचा उजेड.)

ताई उठल्याबरोबर आधी पाय बघते. नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके उठले आणि बोटाने दाबूनही पुसट झाले नाहीत, तर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट उतरल्या समजायचं.

ताईला आयटीपी आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेटना परकं समजते, आणि मग प्लीहेत त्यांचा नाश होतो. एरवी मायक्रोलिटरभर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. पुण्याहून निघताना ताईच्या होत्या ६२ हजार.

विमानाने आलो असतो, तर दिल्लीहून थेट साडेतीन हजार मीटरवर उतरलो असतो. म्हणून श्रीनगर, कारगिल असे मुक्काम करत चढलो. इथली हवा फार कोरडी. कारगिलला ताईचा घोळणा फुटला. अशा वेळी मान मागे टाकायची नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा, मध्येच सोडायचा नाही. ती पंधरा मिनिटं मला फार मोठी वाटली.

खरी धास्ती डोकेदुखीची. लेहला दुसऱ्या रात्री ताईचं डोकं ठणकू लागलं. उंचीवर नवख्याचं डोकं बऱ्याचदा दुखतं; पण प्लेटलेट कमी असतील तर ते दुखणं, क्वचित का होईना, मेंदूतल्या रक्तस्रावाचंही असू शकतं. शेजारच्या खोलीतल्या काकांनी मायेने गोळी पुढे केली. आयबुप्रोफेन! आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या उरल्यासुरल्या प्लेटलेटनाही नीट काम करू देत नाहीत. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ हवं. ताईने पॅरासिटामॉल घेतली. मी तिला खोलीत चालवलं, बोलतं ठेवलं. पाय लटपटले, जीभ जड झाली, उलट्या लागल्या, तर तडक सोनम नोरबू रुग्णालय गाठायचं, हे ठरलेलं होतं.

पहाटे डोकेदुखी उतरली. तरी आणखी उंचावरच्या 'खारदुंग ला' खिंडीत जाणं रद्द केलं. डोकं दुखलं की लगेच आणखी वर जायचं नाही, असं डॉक्टरांनी निघतानाच बजावलं होतं. ताई थोडी रडली.

(दृश्य : अंगण, जर्दाळूचं झाड.)

सहाला तिने एल्ट्रोम्बोपॅग, प्लेटलेट वाढवायची गोळी, घेतली. दुधातलं कॅल्शियम ही गोळी अंगी लागू देत नाही, म्हणून पुढचे दोन तास दूध बंद. स्वयंपाकघरात लोणी, मीठ, दूध घालून गुरगुर चहा घुसळला जात होता. त्या आवाजाकडे कान लावून ताई बसून राहिली.

आठ वाजले.

"आण रे आता," ताई म्हणाली.