वर, खाली, वर, खाली

मघाशी फिरवायला दिलेली कानातली सगळ्यांनी पाहिली ना? चांदीची, मधे हिरवा खडा, भोवती गाठीची नक्षी. डबीतल्या कार्डावर छापलंय, ‘प्राचीन केल्टिक गाठ, अनंत प्रेमाची खूण’. कार्ड राहू दे बाजूला. आपण गाठ बघू.

इसवी सनापूर्वीचे केल्ट, म्हणजे युरोपातले एक प्राचीन लोक, दागिने घडवण्यात वस्ताद होते. त्यांच्या कामात भोवरे आहेत, वेलबुट्टी आहे, पोवळं आहे, लाल मीनाकारी आहे. अशी विणलेली गाठ मात्र त्यांची ओळख नव्हे. पीळ घातलेल्या पट्ट्या रोमन लोकांच्या फरशांवर होत्या, उत्तर युरोपातल्या जर्मानिक टोळ्यांच्या सोनारांच्या कामात होत्या. सातव्या-आठव्या शतकात आयर्लंड-ब्रिटनमधल्या ख्रिस्ती मठांत त्या अशा काही बहरल्या, की आज ‘केल्टिक’ म्हटलं की गाठच आठवते. अमुक गाठ म्हणजे प्रेम, असं त्या भिक्षूंपैकी कुणी लिहून ठेवलेलं नाही. अर्थ पुढच्यांनी चिकटवले.

आणि दुकानदारी आजची नाही हं! १८५० साली आयर्लंडमध्ये बेटीस्टाउनच्या समुद्रकाठाजवळ आठव्या शतकाच्या आसपासचा एक ब्रोच, म्हणजे कपड्याला लावायची शोभेची पिन, सापडला. तो डब्लिनचे जवाहिरे जॉर्ज वॉटरहाउस यांच्याकडे आला. त्यांनी त्याला नाव दिलं ‘तारा ब्रोच’. तारा ही आयरिश राजांची टेकडी. ब्रोचचा तिच्याशी काडीचा संबंध नाही! पण नाव चाललं, त्याच्या प्रतिकृती धडाधड खपल्या. मूळ ब्रोच आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, त्यावर केसासारख्या सोन्याच्या तारेचं काम. खडे म्हणाल तर पाचू-माणिक काही नाही. अंबर, म्हणजे झाडाचा दगडासारखा झालेला चीक, आणि काच! शोभा सगळी कारागिरीची.

ही गाठ काढायची कशी? स्कॉटलंडमधले चित्रकला शिक्षक जॉर्ज बेन यांनी विसाव्या शतकात त्याची रीत मांडली. आधी ठिपके, मग त्यांच्यामधून रेघ. इथल्या बायका हसताहेत, कारण ठिपक्यांची रांगोळी त्यांना कुणी शिकवायला नको. फरक एवढाच, की इथे रेघ एकदा वरून गेली की पुढच्या छेदाला खालूनच जायची. वर, खाली, वर, खाली. नख ठेवून रेघेच्या मागे जा. दोनदा लागोपाठ वरून गेली, तर साचा करणारा चुकलाय.

कानातल्यांच्या खाचांतला काळेपणा मळ समजू नका. तो मुद्दाम दिलेला असतो, त्यानंच खालची पट्टी खाली दिसते. चांदी उजळायच्या द्रावात बुडवलीत, तर सगळी गाठ सपाट दिसेल.

आता शेवटची गंमत. कानातल्यांवरची ही तीन पाकळ्यांची गाठ. गणितात हिला ट्रेफॉइल म्हणतात. हिचं आरशातलं रूप कितीही वळवलं, ओढलं, तरी मूळ गाठीसारखं होत नाही. माक्स डेन या गणितज्ञानं १९१४ मध्ये ते सिद्ध केलं. म्हणजे डाव्या-उजव्या कानांची खरी जोडी हवी, तर साचे दोन लागतात. स्वस्तातली जोडी एकाच साच्यातून निघते. तुमच्याकडची जोडी शेजारी शेजारी धरा बघू. दोन्हींत एकाच जागी वरची पट्टी उजवीकडेच झुकलेली दिसतेय ना?