तिसऱ्या दिवसाचा थेंब

[दृश्य: वर्धा जिल्ह्यातील एक खेडे. पहाट. स्वयंपाकघराच्या ओट्यावर छोटा डिजिटल काटा.]

सराफाच्या दुकानात शोभेल असा हा काटा आहे, आणि त्यावर तांदूळ मोजले जात आहेत. आकडा २५ ग्रॅमच्या किंचित पुढे गेला की आई चिमूटभर तांदूळ पुन्हा डब्यात टाकते, आणि मागे आला की तेवढेच परत घेते. या तांदळाचा भात तिच्या पाच वर्षांच्या मुलीसाठी आहे. मुलीचे नाव आम्ही सांगणार नाही आणि तिचा चेहराही दाखवणार नाही, पण पुढची काही मिनिटे तिच्या आईचे हात तुम्हाला सतत दिसत राहतील, कारण या मुलीचे औषध याच हातांनी तयार होते.

काट्याशेजारी एक वही आहे. त्या वहीच्या डाव्या रकान्यात पदार्थ, मधल्या रकान्यात ग्रॅम आणि उजवीकडे मिलिग्रॅम लिहिलेले आहेत. २५ ग्रॅम तांदळापुढे १६० हा आकडा आहे. तो आहे ल्युसिनचा. ल्युसिन हे प्रथिनातील एक अमिनो आम्ल असून, डॉक्टरांनी या मुलीला दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा आखून दिली आहे.

आपण खातो ती प्रथिने पचून त्यांची अमिनो आम्ले होतात. शरीर त्यांतील काही वाढीसाठी वापरते आणि उरलेली मोडून टाकते. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तिघांच्या मोडणीत एका टप्प्यावर एकच विकर, म्हणजे एन्झाइम, काम करतो, आणि या मुलीच्या शरीरात तो विकर जन्मापासून जवळजवळ निकामी आहे. त्यामुळे ल्युसिन आणि त्यापासून बनणारे आम्ल रक्तात साचत जाते, आणि त्याचा पहिला घाव मेंदूवर बसतो. मग हे अन्न पूर्ण बंद का करू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. ते बंद करता येत नाही, कारण ही तिन्ही आम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत आणि त्यांच्याशिवाय मूल वाढत नाही. ती कमी पडली तर कातडी सोलवटते, वजन थांबते आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडून ल्युसिन रक्तात सोडू लागते. म्हणून जास्तही चालत नाही आणि शून्यही चालत नाही. त्या दोन टोकांमधली वाट रोज काट्यावर शोधावी लागते.

[दृश्य: अंगणात सुपात वाळत घातलेले मेथीदाणे. आजी ते निवडत आहे.]

या आजाराला वैद्यकशास्त्रात मेपल सिरप युरिन डिसीज म्हणतात. मेपल नावाच्या झाडाच्या रसापासून केलेल्या पाकाचा वास या बाळांच्या लघवीला येतो, म्हणून अमेरिकेत हे नाव पडले. विदर्भातल्या खेड्यात तो पाक कोणी पाहिलेला नसतो, पण तो वास आपल्या प्रत्येक घरात आहे. मेथीला तिचा वास देणारे सोटोलोन नावाचे द्रव्य मेपलच्या पाकातही असते, आणि तेच या बाळांच्या लघवीत सापडलेले आहे.

आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे आणि मेथीचे लाडू देतात. ही मुलगी पाच दिवसांची असताना तिच्या दुपट्याला वास येऊ लागला तेव्हा आजीने सुनेला जे सांगितले, ते तिने आज कॅमेऱ्यासमोर पुन्हा सांगितले आहे. "मी म्हटलं, तुनं मेथी खाल्ली असन, म्हणून पोरीले वास येते." यात आजीची काही चूक नव्हती. प्रसूतीच्या काळात मेथीचा काढा घेतलेल्या मातांच्या निरोगी बाळांना असाच वास आल्याने डॉक्टरांनाही या आजाराचा संशय आल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणजे ही फसगत दोन्ही बाजूंनी होते.

या घरात त्याआधी एक मुलगा जन्मला होता. तो नवव्या दिवशी गेला, आणि एका रुग्णालयाच्या कागदावर जंतुसंसर्ग असे कारण लिहिले गेले.

[दृश्य: जुनी छायाचित्रे, सूक्ष्मदर्शक, प्रयोगशाळेच्या काचनळ्या.]

अशी कुटुंबे जगात इतरत्रही होती. अमेरिकेतील बोस्टन येथे १९५४ साली जॉन मेन्केस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच घरातल्या चार भावंडांची हकीगत प्रसिद्ध केली. ती चारही बाळे जन्मानंतर काही आठवड्यांतच गेली होती आणि त्यांच्या लघवीला पाकासारखा वास होता. त्यापूर्वी वीस वर्षे, १९३४ साली, नॉर्वेमधील आस्ब्योर्न फोलिंग यांच्याकडे एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन आली होती. मुलांच्या अंगाला येणारा उग्र वास कशाचा, हे ती अनेक डॉक्टरांना विचारून थकली होती. फोलिंग यांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले, मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड हे रसायन टाकले, आणि ती हिरवी झाली. तो फिनाइलकीटोन्युरियाचा शोध होता, म्हणजे दुसरे एक अमिनो आम्ल न मोडता साचण्याच्या आजाराचा. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे याच आजाराच्या एका मुलीची आई रोज डॉक्टरांना उपाय विचारत राहिली, आणि तिच्या त्या आग्रहातून हॉर्स्ट बिकेल यांच्या गटाने घातक आम्ल काढून टाकलेला आहार पहिल्यांदा करून पाहिला. मेपल सिरप आजारासाठी अशाच आहाराचे काम न्यूयॉर्कमध्ये सेल्मा स्नायडरमन यांनी केले आणि १९६४ साली ते प्रसिद्ध झाले. या साऱ्या इतिहासात आयांनी काढलेली तक्रार वारंवार पहिली येते आणि प्रयोगशाळा तिच्या मागून येते, याची नोंद आम्हाला मुद्दाम करावीशी वाटते.

[दृश्य: ज्वारीचे वावर, कणसे. मग चुलीवर भाकर फुगते आहे.]

आता ही भाकर पाहा. तिला साधारण ६० ग्रॅम पीठ लागते. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिनचे प्रमाण सुमारे १२ टक्के आणि तांदळाच्या प्रथिनात सुमारे ८ टक्के असते. ज्वारीत मुळात प्रथिनेही तांदळापेक्षा थोडी जास्त. दोन्ही मिळून हिशेब असा होतो, की एका भाकरीत ७०० मिलिग्रॅमहून अधिक ल्युसिन असते, म्हणजे या मुलीच्या दिवसभराच्या वाट्याच्या जवळपास दुप्पट. ज्वारीतील हे जास्तीचे ल्युसिन भारतीय शास्त्रज्ञांच्या नजरेत फार पूर्वीच आले होते. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार का दिसतो, याचा शोध घेताना हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकंटिया यांनी १९६० साली ल्युसिनकडे बोट दाखवले होते. पेलाग्राचा तो सिद्धांत पुढे वादाचा ठरला, पण ज्वारीत ल्युसिन जास्त असते हे मोजमाप टिकून आहे, आणि ज्या मोजमापाचा उपयोग एकेकाळी एका रोगासाठी झाला तेच आज या घरातल्या वहीत उतरले आहे.

तुरीचे वरण तर याहून अवघड आहे. कच्च्या तुरीच्या डाळीत दर १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ज्या वावरात पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तूर उभी असते आणि ज्या घराचा पोषणाचा सारा आधार वरण-भाकरीवर आहे, त्या घरात या मुलीला दोन्ही वर्ज्य आहेत. तिला चालतो तो साबुदाणा, कारण त्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. दाण्याचे कूट न घातलेली खिचडी, तांदळाची मोजून शिजवलेली पेज, साखर, तेल, काही फळे आणि भाज्या, असे तिचे ताट आहे.

[दृश्य: डब्यातून चमच्याने पांढरी भुकटी काढली जाते. पाण्यात घुसळली जाते.]

ताटाचा दुसरा अर्धा भाग या भुकटीत आहे. तिच्यात ही तीन आम्ले सोडून बाकीची सर्व अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि क्षार आहेत. वास उग्र आणि चव कडवट. मुलगी ते दिवसातून चार वेळा पिते, आणि प्यायल्यावर तोंड वाकडे करते ते आम्ही कापलेले नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात हा आजार विशेष आहारावर सांभाळता येणाऱ्या आजारांच्या गटात घेतलेला आहे, आणि त्यासाठी मदत निवडक केंद्रांतून मिळते. त्यांपैकी एक केंद्र मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. या घरापासून तिथे जाण्यासाठी गाडीत एक रात्र काढावी लागते आणि मजुरीचे दोन-तीन दिवस बुडतात.

[दृश्य: उंबऱ्याजवळ आई काचनळीत लघवीचे थेंब टाकते. मग दुसऱ्या बाटलीतून पिवळसर द्रावण.]

ताप आला, उलटी झाली किंवा मुलीने जेवण सोडले की आई ही चाचणी करते. शरीर उपाशी राहिले की स्वतःचेच स्नायू मोडते, आणि त्यातून निघणारे ल्युसिन अन्नातल्या ल्युसिनइतकेच घातक असते. नळीतील द्रावणाचे नाव डायनायट्रोफिनाइलहायड्राझिन आहे, पण या घरात त्याला पिवळे पाणी म्हणतात. ते टाकल्यावर नळी स्वच्छ राहिली तर ठीक. ती गढूळ पिवळी झाली, तर भात लगेच बंद होतो, साखरेचे पाणी आणि भुकटी सुरू होते, आणि दवाखान्याचा रस्ता धरावा लागतो. चौथीपर्यंत शिकलेली ही आई हे सारे बिनचूक करते, आणि ते आम्ही सलग चार दिवस पाहिले.

[दृश्य: आशाताई सायकलवरून गावात येते. वजनाची झोळी, थर्मामीटर, तक्ता.]

आता आपण थोडे मागे, जन्माच्या दिवसांकडे जाऊ. गडचिरोली जिल्ह्यात अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि १९९९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०११ पासून ती देशभर आशाताईंच्या कामाचा भाग झाली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. पडद्यावर दिसते ती तिसऱ्या दिवसाची भेट आहे. बाळाचे वजन होते, अंगाचे तापमान बघितले जाते, दूध ओढतो का ते विचारले जाते.

मेपल सिरप आजाराचे बाळ जन्मताना अगदी ठणठणीत दिसते. साधारण चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ते दूध सोडते, मलूल होते आणि मग ताठू लागते. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब या आजारासाठी तपासायचा, तर तो याच तिसऱ्या दिवसाच्या सुमारास घेतात. अमेरिकेच्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ साली हा थेंब गाळणकागदावर वाळवून तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. वाळलेला थेंब पाकिटातून जातो आणि त्याला बर्फ लागत नाही. आज टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राने, अशा एका थेंबातून अनेक आजार एकाच वेळी तपासता येतात. गोव्याने २००८ साली शासकीय पातळीवर नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली. पाकीट आठवडाभर टपालात पडून राहिले, तर मात्र या विशिष्ट आजारासाठी ते उशिराच पोहोचते, म्हणून प्रयोगशाळा विदर्भातच, नागपूरपेक्षा दूर नाही, अशी हवी. आशाताईच्या पिशवीत झोळी आहे, थर्मामीटर आहे, आणि गाळणकागदाच्या त्या कार्डासाठी जागाही आहे.

[दृश्य: टाचेला टोचणी. कार्डावर चार लाल वर्तुळे. सावलीत आडवे ठेवलेले कार्ड.]

ही टाच त्या मुलीच्या धाकट्या भावाची आहे. दोन्ही पालकांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असली, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के असते, आणि कुटुंबाला हे आधीच समजावून सांगितलेले होते. त्यामुळे इथे तिसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही. जन्मानंतर २४ तासांनी थेंब घेतला, कार्ड सावलीत तीन-चार तास वाळवले, आणि टपालाच्या भरवशावर न सोडता वडील ते स्वतः घेऊन गेले. निकाल आला तेव्हा आमचे चित्रण संपले होते. बाळाला हा आजार नाही.

[दृश्य: चुलीवर कढई. आजी डिंक तळते आहे.]

या बाळंतपणात आजीने लाडू डिंकाचे केले. मेथीचे दाणे सुपातच राहिले, कारण बाळाच्या दुपट्याचा वास स्वच्छ कळावा, असे डॉक्टरांनी सांगितले होते.