केप डेनिसन: वाऱ्याच्या वाटेवरचं भूशिर

नमस्कार, श्रोतेहो.

ऑस्ट्रेलियाच्या सरळ दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर कॉमनवेल्थ नावाचा उपसागर आहे. दोन्ही अंगांना बर्फाचे उभे कडे आणि मधेच उघड्या खडकाचा एक तुकडा समुद्रात शिरलेला. रुंदी जेमतेम दीड किलोमीटर. हे केप डेनिसन. खडकाच्या उतरत्या सोंडा, मधल्या खोलगट जागांत गोठलेली तळी, कडेला ॲडेली पेंग्विनांची वस्ती आणि होडी लागेल एवढी लहानशी खाडी.

जानेवारी 1912 मध्ये ऑस्ट्रेलियन भूगर्भशास्त्रज्ञ डग्लस मॉसन आपली शोधमोहीम घेऊन तिथे उतरला, तो याच खाडीपायी. मुक्कामाला अठरा माणसं राहिली. जागा मिळाली याचा आनंद होता. ती इतकी उघडी का, बर्फ तिथे टिकत का नाही, हे मात्र नंतर कळलं.

भूशिराच्या पाठीशी बर्फाचं प्रचंड पठार आहे. तिथली हवा गारठते, जड होते आणि घाटमाथ्यावरून पाणी उतरावं तशी खाली धावत सुटते. आणि तिच्या ऐन वाटेवर हे भूशिर! आपल्याकडे वाऱ्याने ताशी 62 किलोमीटरचा वेग गाठला, की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं, नाव देतं. केप डेनिसनला वर्षाची सरासरीच 80 च्या आसपास भरली! मे 1912 ची तर 97 हून जास्त. दीडशे किलोंचं एक लाकडी झाकण वाऱ्याने उचललं आणि 45 मीटरांवर नेऊन टाकलं. माणसं पुढे वाकून चालायला शिकली; वारा अचानक थांबला, की तोंडावर आपटायची.

या वाऱ्यात त्यांनी बिनतारी यंत्रणेचे खांब उभे केले. आज रेडिओवरून बोलताना मला त्याचंच जास्त अप्रूप वाटतं. खांब कोसळले, पुन्हा उभे राहिले.

फेब्रुवारी 1913. पाहणीच्या सफरीवर बरोबर असलेले दोन्ही सोबती गमावून मॉसन एकटाच पठारावरून परतत होता. तळ आठ-नऊ किलोमीटरांवर राहिला, आणि तिथल्या बर्फातल्या गुहेत वादळाने त्याला आठवडाभर अडकवलं. 8 फेब्रुवारीला तो उतरला, तेव्हा मोहिमेचं ‘अरोरा’ जहाज काही तासांपूर्वीच निघालं होतं. सहा जण मात्र त्याची वाट पाहत थांबले होते. त्यांनी बिनतारी संदेश सोडला. जहाजावर संदेश ऐकण्याची सोय होती, उत्तर देण्याची नव्हती. त्यामुळे पलीकडे कुणी ऐकतंय का, हे किनाऱ्यावर कळायला मार्ग नव्हता. जहाजाने ऐकलं. ते परत फिरलं, उपसागरात आलंही. पण पठारावरून तोच वारा सुटला होता. होडी खाली सोडणं अशक्य झालं. दूर पश्चिमेला मोहिमेचीच दुसरी तुकडी जहाजाची वाट पाहत होती, हिवाळा तोंडावर आला होता. जहाज निघून गेलं.

मॉसन आणि ते सहा जण तिथून सुटले डिसेंबर 1913 मध्ये.